डिझेल लाइनच्या जोडांसाठी सीलंट निवडताना

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि इंजिनाची बहुतेक मोठी कामे याच दोन महिन्यांत उरकली जातात. हेड उघडले जाते, इंजेक्शन पंप कॅलिब्रेशनला जातो, नोझल तपासून येतात, गिअरबॉक्सचे तेल बदलले जाते. पण टाकीपासून पंपापर्यंत येणारी डिझेलची लाइन मात्र बहुधा सर्वांत शेवटी, बोट पाण्यात उतरवण्याच्या आदल्या दिवशी जोडली जाते. हाताशी असेल ती टेप गुंडाळायची, पाना लावून अंगात असेल तेवढ्या जोराने आवळायचे आणि डिझेल बाहेर दिसले नाही की काम झाले असे समजायचे, ही रीत मला हर्णैपासून मालवणपर्यंत जवळजवळ प्रत्येक बंदरात दिसते. बोटींच्या इंजिनांची देखभाल हाच माझा व्यवसाय आहे. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात जे फोन येतात, त्यांतले बरेचसे इंजिनातल्या बिघाडाचे नसून या जोडांचेच असतात, म्हणून या जोडांच्या सीलंटचा, म्हणजे जोडातली फट भरणाऱ्या पदार्थाचा, विषय सविस्तर लिहावासा वाटला.

डिझेलचा स्वभाव आधी लक्षात घ्यावा लागतो. वाहायला ते पाण्यापेक्षा दाट असते, तरीही पाणी ज्या फटीत थांबते तिच्यातून डिझेल पाझरते, कारण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडाच अधिक असतो. धातूच्या पृष्ठभागावर ते थेंब होऊन न थांबता पसरते आणि आट्यांमधल्या अगदी बारीक वाटेतूनही चढत जाते. शिवाय ते पेट्रोलसारखे उडून जात नाही. त्यामुळे किंचित पाझरणारा जोडही कायम ओला राहतो, त्यावर धूळ आणि काजळी बसते, आणि काही दिवसांनी नेमके कोठून पाझरते आहे हेही कळेनासे होते. ज्या जोडात पाण्याची गळती होत नाही त्यात डिझेलचीही होणार नाही, हा प्लंबिंगच्या अनुभवातून आलेला समज येथे उपयोगी पडत नाही.

ही गळती किरकोळ मानली जाते, तेही मला मान्य नाही. डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो हे धरूनही, सेकंदाला एक थेंब या वेगाने दिवसाला दीड-दोन लिटर डिझेल इंजिनाखालच्या खळग्यात जाते आणि तेथून साचलेल्या पाण्याबरोबर उपसून बंदरातच टाकले जाते. त्याहून गंभीर बाब आगीची आहे. डिझेल सहज पेटत नाही असे आपण धरून चालतो. परंतु आपल्याकडच्या वाहनांसाठीच्या डिझेलला फ्लॅश पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची, किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे, तर मोठ्या जहाजांच्या इंधनासाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम ही मर्यादा ६० अंश ठेवतात. बंद इंजिनघरात दुपारी ३५ अंश ही काही मोठी गोष्ट नाही. त्याच नियमांनुसार जहाजावर २२० अंशांपेक्षा जास्त तापणाऱ्या आणि इंधन उडून पडू शकेल अशा पृष्ठभागांना आवरण घालावे लागते. आपल्या बोटींचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र पुष्कळदा उघडाच असतो, आणि डिझेलचा फिल्टर त्याच्यापासून हातभर अंतरावर.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुकानात जाऊन डिझेलला चालेल असे काहीतरी द्या, असे म्हणण्याआधी एक गोष्ट पाहिली पाहिजे: समोरचा जोड बंद कोठे होतो? आट्यांवर, सपाट तोंडावर, की शंकूच्या तोंडावर? या तीनपैकी फक्त पहिल्या प्रकारच्या जोडाला सीलंट लागते. उरलेल्या दोन प्रकारांत आट्यांचे काम केवळ दोन भाग एकमेकांवर दाबून धरण्याचे असते. गळती थांबवण्याशी त्यांचा संबंध नसतो. तेथे आट्यांना कितीही उत्तम सीलंट लावले तरी मूळ दोष तसाच राहतो, आणि पुढचा माणूस तो जोड उघडतो तेव्हा सुटलेला कचरा लाइनमध्ये जातो तो वेगळाच.

आट्यांवर बंद होणारा जोड म्हणजे उतरत्या आट्यांचा जोड. यात दर १६ मिलिमीटर लांबीला व्यास १ मिलिमीटरने कमी होत जातो, त्यामुळे आवळत गेले की बाहेरचे आटे आतल्या आट्यांत पाचर ठोकल्यासारखे रुततात. तरीही एका आट्याचा माथा आणि समोरच्या आट्याचा तळ यांच्यात नेहमी थोडी फट राहते, आणि ही फट सलग असते: नळीच्या आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत गोल गोल फिरत जाणारी एक अरुंद वाट. सीलंटचे काम ती वाट भरण्याचे आहे. उतरता आटा कितीही आवळला तरी ही वाट आवळण्याने पूर्ण बंद होत नाही. फिल्टरचे डोके ओतीव ॲल्युमिनियमचे असेल, तर अति आवळण्याने तेच तडकते, आणि मग सीलंटचा विषयच संपतो.

आपल्या किनाऱ्यावरच्या बोटींत या आट्यांचा आणखी एक घोळ आहे, आणि माझ्या पाहण्यात न थांबणाऱ्या गळतीचे सर्वांत मोठे कारण तोच आहे. नळ, कोपरे आणि व्हॉल्व्ह बाजारातून येतात ते ब्रिटिश मापाचे, म्हणजे बीएसपी. इंजिनावरचे बँजो बोल्ट, म्हणजे ज्यांच्या आतून डिझेल जाते ते पोकळ बोल्ट, मेट्रिक मापाचे असतात. आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर अमेरिकन घडणीचा असेल, तर त्याची तोंडे पुष्कळदा एनपीटी मापाची असतात. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६० अंश. पाव इंची मापात बीएसपीला इंचाला १९ आटे असतात आणि एनपीटीला १८. म्हणून ते एकमेकांत दोन-तीन वेढे जातात आणि मग घट्ट होतात. हे घट्ट होणे म्हणजे उतरता आटा बसला असे हाताला वाटते, प्रत्यक्षात आटे एकमेकांवर चढलेले असतात. अर्धा इंच आणि पाऊण इंच या मापांत तर फसगत अधिक होते, कारण दोन्हींत इंचाला १४ आटे आहेत. जोड पूर्ण आत जातो, हाताला काहीही वावगे लागत नाही, आणि कोन वेगळा असल्यामुळे तो आज ना उद्या पाझरतोच. अशा जोडावर सीलंट बदलून पाहण्यात अर्थ नाही. आटे मोजण्याचा गेज फार महाग नसतो. तो हत्यारांच्या पेटीत असावा आणि नव्या फिल्टरबरोबर योग्य ॲडॅप्टर आधी घेऊन मगच काम सुरू करावे.

बीएसपीतही दोन जाती आहेत. भारतीय मानक आयएस ५५४ प्रमाणे कापलेला उतरता आटा आट्यांवर बंद होण्यासाठी असतो, तर आयएस २६४३ प्रमाणे कापलेला समांतर आटा फक्त पकडीसाठी असतो. समांतर आट्याच्या फिटिंगला खांद्याजवळ सपाट तोंड दिलेले असते आणि तेथे वॉशर किंवा ओ-रिंग बसणे अपेक्षित असते. हा खांदा दिसत असूनही वॉशर न घालता आट्यांवर टेपचे थर चढवणे ही फार सर्रास दिसणारी गोष्ट आहे. समांतर आट्यांत पाचर बसतच नाही, त्यामुळे टेप दाबली जात नाही आणि कंपनाने महिन्याभरात सैल होते.

सपाट तोंडाच्या जोडांत बँजो बोल्ट सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर लागतो. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कठीण होतो आणि दुसऱ्यांदा तोंडाच्या खाचखळग्यांत नीट बसत नाही, म्हणून नवा वापरणे उत्तम. नवा मिळत नसेल तर जुना वॉशर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा; पोलादाप्रमाणे तांबे पाण्यात टाकल्याने कठीण होत नाही, ते मऊच राहते. नंतर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही तोंडे सपाट करून घ्यावीत. बँजोचे तोंडच खोल ओरखडलेले असेल तर पोलादी कड्यात रबर चिकटवलेला वॉशर, ज्याला बाजारात डाउटी सील म्हणतात, तो बहुतेक वेळा काम निभावतो. या जोडाला टेप नाही, पेस्ट नाही, काही नाही.

शंकूच्या तोंडाचे जोड म्हणजे तांब्याच्या नळीचे फुलवलेले तोंड, ३७ अंशांचे हायड्रॉलिक फिटिंग, रिंग कापून बसणारे २४ अंशांचे फिटिंग, आणि पंपापासून नोझलपर्यंत जाणारे हाय प्रेशर पाइप. जुन्या थेट इंजेक्शनच्या इंजिनांत नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडते, कॉमन रेलच्या नव्या इंजिनांत दाब १६०० बार आणि त्याहून वर जातो. असा दाब फक्त धातूवर धातू नीट बसल्यानेच थांबतो. हाय प्रेशर पाइपचा जोड पाझरत असेल तर दोन्ही नट सैल करून, पाइप ताण न येता सरळ बसतो आहे ना हे पाहून, सांगितलेल्या टॉर्कवर आवळावा. तरीही पाझरला तर पाइप बदलावा. येथे मला एक गोष्ट अत्यंत कळकळीने सांगायची आहे. चालू इंजिनावर हाय प्रेशरची गळती हाताने चाचपून शोधू नका. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून थेट आत घुसते, वरून फक्त टाचणीएवढी खूण दिसते आणि आतले मांस सडू लागते. वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर हाताचे बोट किंवा पूर्ण हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधावी, आणि कोणाला असे लागलेच तर दुखत नसले तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

गळती म्हणजे डिझेल बाहेर येणे, एवढाच अर्थ धरला की अर्धा प्रश्न नजरेआड होतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची, लाइन ओढीवर चालते. तेथे जोड सैल असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जोड कोरडा दिसतो, आणि इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही, मधूनच आरपीएम वरखाली होतात, लोड आल्यावर दम सुटतो, हँड प्रायमर मारल्यावर पुन्हा काही वेळ ठीक चालते. बोटींत टाकी पुष्कळदा इंजिनाच्या बाजूला, थोडी उंचावर असते, त्यामुळे चित्र आणखी फसवे होते: टाकी भरलेली असताना वजनामुळे तोच जोड ओला दिसतो, पातळी उतरली की कोरडा होतो. गळती आपोआप थांबली असे तांडेलाला वाटते, आणि नेमके तेव्हाच, परतीच्या वाटेवर टाकी अर्ध्याखाली गेल्यावर, इंजिन हवा धरते. पंपाआधीचा, पाणी वेगळे करणारा फिल्टर चोंदत आला असेल तर पंपाकडच्या बाजूची ओढ वाढते आणि हाच दोष अधिक लवकर दिसतो. म्हणूनच सीलंटची सर्वाधिक काळजी या कमी दाबाच्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या भागात घ्यावी लागते.

आता टेपविषयी. पांढरी टेप म्हणजे पीटीएफई, जो पदार्थ १९३८ मध्ये ड्यू पाँट कंपनीत रॉय प्लंकेट यांना अनपेक्षितपणे सापडला. डिझेलचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही, हे खरे आहे, आणि टेप चालते असे म्हणणारे लोक याच गुणावर बोट ठेवतात. माझा आक्षेप तिच्या रसायनाला नाही, तिच्या तंतूंना आहे. आवळताना आट्यांच्या धारेवर टेप कापली जाते आणि तिचे धागे आतल्या बाजूला लोंबतात. फिल्टर ते अडवेल असे म्हटले जाते. पण मुख्य फिल्टरच्या आधी फीड पंप असतो, आणि त्याच्या एकतर्फी व्हॉल्व्हच्या बैठकीखाली एक धागा अडकला तरी पंप डिझेल ओढणे सोडतो. फिल्टरच्या पुढे तर धाग्याला अडवणारे काहीच नसते. नोझलची सुई आणि तिचे घर यांच्यातली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते; नाशिकला बॉशच्या कारखान्यात जे नोझल इतक्या काटेकोरपणे घासून बनवले जातात, त्यांच्या तोंडाशी टेपचा तुकडा जाऊ देणे मला पटत नाही. टेपचा दुसरा दोष असा की ती वंगणाचे काम करते, त्यामुळे जोड सहज फिरत राहतो आणि ओतीव भाग तडकेपर्यंत आवळला जातो. अनेक इंजिन उत्पादक इंधनाच्या लाइनवर टेप वापरण्यास स्पष्ट मनाई करतात, ती या दोन्ही कारणांनी.

तरीही खोल समुद्रात, दुसरे काही हाताशी नसताना टेप वापरावी लागलीच, तर टोकाचे पहिले दोन आटे मोकळे सोडावेत, टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळावी, आणि ती फक्त उतरत्या आट्यावरच लावावी. बंदरात परतल्यावर तो जोड उघडून, आटे ब्रशने स्वच्छ करून पुन्हा नीट करावा.

सफेदा आणि सुतळी ही पाण्याच्या नळाची जुनी पद्धत डिझेलवर टिकत नाही. सुतळीचे तंतू टेपपेक्षाही वाईट. एम-सीलसारखी इपॉक्सी पुटी जोडाच्या बाहेरून थापण्याची सवय तर सोडूनच दिली पाहिजे. ओल्या, तेलकट धातूवर ती धरत नाही, आणि धरली तरी खालचा दोष झाकला जातो. शेलॅक मी पूर्वीपासून गॅरेजमध्ये पाहत आलो आहे. धातूच्या सपाट तोंडांवर, कागदी गॅस्केटबरोबर तो डिझेलला टिकतो, मात्र तो वाळून कडक व ठिसूळ होतो आणि कंपन असलेल्या आट्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

साध्या आरटीव्ही, म्हणजे हवेत सुकून रबरासारखे होणाऱ्या, सिलिकॉनबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण ते दिसायला सर्वांत खात्रीचे वाटते. ऑइल पॅनला, टॅपेट कव्हरला ते उत्तम. डिझेलमध्ये सतत भिजले की मात्र ते फुगते, मऊ पडते, धातूवरची पकड सोडते आणि त्याच्या लडी सुटून जाळीवर जमा होतात. शिर्क्यासारखा वास येणाऱ्या प्रकारात सुकताना ॲसिटिक आम्ल सुटते, ते तांब्या-पितळेला गंज आणते. इंधनाला टिकणारे फ्लोरोसिलिकॉन वेगळे असते, पण आपल्या बाजारातल्या ट्यूबमध्ये ते नसते. डिझेलच्या कोणत्याही जोडाला साधे सिलिकॉन लावू नये, या मतावर मी ठाम आहे.

उतरत्या आट्यांच्या धातूच्या जोडासाठी माझी पहिली पसंती ॲनएरोबिक सीलंटला आहे. या पदार्थाचा गुणधर्म विलक्षण आहे: हवेच्या सान्निध्यात तो द्रवच राहतो आणि हवा तुटून धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये तो व्यवहारात उतरवला आणि त्यातून लॉकटाइट हे नाव पुढे आले. डिझेलच्या दृष्टीने याचे महत्त्व असे की आट्यांमधली सगळी फट भरून तो तेथेच कठीण होतो, कंपनाने सैल होत नाही, आणि चुकून नळीच्या आत गेलेला अंश घट्ट न होता द्रवरूपातच डिझेलबरोबर वाहून जातो. त्याचे तुकडे होत नाहीत. बाटली अर्धवटच भरलेली का असते याचे उत्तरही यातच आहे. आतली हवा त्याला द्रव ठेवते, म्हणून तो दुसऱ्या छोट्या डबीत काठोकाठ भरून ठेवू नये.

लॉकटाइटमधला कोणता क्रमांक घ्यावा हे जोडाचा आकार आणि धातू पाहून ठरवावे. ५४२ हा पातळ असून पाऊण इंचापर्यंतच्या बारीक आट्यांसाठी चांगला. ५७७ घट्टसर असतो आणि मोठ्या, जाड आट्यांत ओघळत नाही. टाकीच्या तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्हसाठी मी तोच घेतो. ५६७ हळू घट्ट होतो, त्याची पकड कमी असते आणि तो स्टेनलेस स्टीलवर आटे एकमेकांत चिकटून बसू देत नाही. दुसऱ्या कंपन्यांचीही अशीच उत्पादने मिळतात. बाटलीवर थ्रेड सीलंट असे लिहिलेले असावे, थ्रेडलॉकर, म्हणजे आटे जखडून टाकणारा, असे नव्हे. लाल रंगाचा जोरकस थ्रेडलॉकर इंधनाच्या फिटिंगवर लावला तर पुढच्या वर्षी ते फिटिंग पिळवटूनच निघते.

या सीलंटच्या मर्यादाही नीट माहीत हव्यात. तांबे, पितळ आणि साधे लोखंड यांवर तो लवकर घट्ट होतो. स्टेनलेस, झिंकचा मुलामा दिलेले भाग आणि ॲनोडाइझ केलेले ॲल्युमिनियम यांवर फार वेळ घेतो, म्हणून तेथे घट्ट होण्याला वेग देणारा ॲक्टिव्हेटर मारावा किंवा पूर्ण २४ तास थांबावे. आट्यांवर तेलाचा थर असेल तर तो धातूला लागतच नाही. आणि प्लॅस्टिकवर तो कधीही लावू नये. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा पारदर्शक वाडगा काही द्रव ॲनएरोबिक सीलंटच्या स्पर्शाने ताण येऊन तडकतो, आणि ही तडे जाण्याची क्रिया काही दिवसांनी, बोट समुद्रात असताना दिसून येते. वाडग्याला त्याची स्वतःची रबरी रिंग असते. तिला थोडे डिझेल चोळून बसवावे, एवढे पुरे.

वारंवार उघडावे लागणारे जोड असतील, किंवा आज जोडून आजच इंजिन चालवायचे असेल, तर न सुकणारी, इंधनाला टिकणारी पेस्ट हा दुसरा चांगला पर्याय आहे. रोल्स-रॉइसच्या विमानइंजिनांसाठी घडवले गेलेले हायलोमार हे या जातीतले सर्वांत नावाजलेले उत्पादन. ते कधीच कडक होत नाही आणि जोड सहज उघडतो. ओढीच्या बाजूच्या, फार न हलणाऱ्या जोडांना ते पुरेसे आहे. कंपन जास्त असलेल्या जागी, विशेषतः थेट इंजिनावर बसलेल्या फिटिंगवर, मी पुन्हा ॲनएरोबिककडेच वळतो.

रबराच्या सील आणि नळ्यांचा विषय वरवर सीलंटच्या बाहेरचा वाटेल, पण जुन्या इंजिनांत तो टाळता येत नाही. डिझेलसाठी नायट्राइल रबर चालते, व्हायटॉन अधिक चांगले. कूलिंगच्या नळ्यांसाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर डिझेलमध्ये फुगून निकामी होते आणि दिसायला मात्र दोन्ही काळीच असतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे डिझेल आले आणि गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली ॲरोमॅटिक संयुगेही कमी होतात, आणि जुने नायट्राइल रबर ज्या संयुगांनी फुगून घट्ट बसलेले असते तीच कमी झाल्यावर ते आक्रसते. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा अनेक जुन्या पंपांच्या ओ-रिंग याच कारणाने पाझरू लागल्या होत्या. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे, आणि बायोडिझेलचा परिणाम नेमका उलटा, रबर फुगवण्याकडे असतो. म्हणून वीस-पंचवीस वर्षे जुन्या पंपाची सर्व्हिसिंग होत असेल, तर ओ-रिंगचा संच व्हायटॉनचा मागावा. त्याच्या किमतीतला फरक पुन्हा पंप उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

डिझेलच्या लाइनला जस्ताचा मुलामा दिलेले जीआय फिटिंग वापरू नये, हेही येथेच नोंदवतो. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची क्रिया होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टर व नोझल धरतो. साधे पोलाद किंवा स्टेनलेस वापरावे.

काम करताना घाई टाळण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे सफाई. जुना सीलंट तारेच्या ब्रशने खरवडून, दोन्ही बाजूंचे आटे ॲसिटोन किंवा ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडे करावेत. हे करताना इंजिनघराची दारे-झाकणे उघडी ठेवावीत आणि जवळ विडी, वेल्डिंग काही नसावे. सीलंट फक्त बाहेरच्या आट्यांवर, टोकाचा पहिला आटा मोकळा सोडून, पुढच्या तीन-चार आट्यांभोवती पूर्ण गोल लावावा. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दीड ते दोन वेढे पुरतात. कोपऱ्याची दिशा जुळवण्यासाठी फिटिंग मागे फिरवायचे नाही. मागे फिरवल्याने रुतलेले आटे सुटतात आणि भरलेली वाट पुन्हा उघडते. दिशा जुळत नसेल तर पुढेच न्यावे, आणि तेवढी जागा नसेल तर उघडून, पुसून, पुन्हा पहिल्यापासून लावावे. लाइनला जवळच आधार देणारी क्लँप बसवावी, कारण लोंबणाऱ्या नळीचे कंपन थेट आट्यांवर येते आणि ते कोणतेच सीलंट कायम पेलू शकत नाही.

तपासणीसाठी ओढीची बाजू टाकीपाशी सोडवून तेथे बूच मारावे आणि पंपाकडून अर्धा बार हवेचा दाब देऊन प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. टाकीला दाब देऊ नये. तिच्या सपाट भिंती फुगतात. हवा कोठून येते हे तरीही सापडले नाही, तर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून इंजिन चालवावे. तिच्यात बुडबुडे दिसले तर ती नळी एकेक जोड मागे सरकवत टाकीकडे जावे. ज्या जोडाच्या अलीकडे बुडबुडे आहेत आणि पलीकडे नाहीत, तो दोषी. तपासणी संपल्यावर ही नळी काढून टाकावी, कारण साधे पारदर्शक पीव्हीसी डिझेलमध्ये कडक होऊन तडकते.

पहिल्या फेरीनंतर बँजो बोल्ट आणि शंकूचे जोड थंड इंजिनावर एकदा टॉर्क लावून पाहावेत, पण ॲनएरोबिक लावलेल्या जोडांना हात लावू नये. घट्ट झालेला थर किंचित फिरवला तरी तुटतो आणि तो पुन्हा जुळत नाही. पुढच्या बंदीत ते उघडायचे असतील तेव्हा लांब दांड्याचा पाना आणि दुसऱ्या बाजूला आधाराचा पाना पुरेसा होतो. फारच अडले तर फिटिंग बोटीतून उतरवून, डिझेलपासून दूर, हीट गनने तापवून सोडवावे.